भोपळ्यावर पहिला वार

गयाबाईनं मला एकूण तीनदा मारलं. पहिल्या दोन वेळा चूक माझीच होती. तिसऱ्या वेळी मी भूत होतो, त्यामुळं तो मार नेमका कुणाच्या नावावर टाकावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घाटनांदूरच्या एका इंग्रजी शाळेत मी तीन वर्षं इंग्रजी शिकवत होतो. निदान माझा आणि हजेरीपत्रकाचा तसा समज होता. आठ खोल्या, वर पत्रे, पुढं पटांगण आणि रस्त्यावर उघडणारं लोखंडी फाटक. संस्थाचालक अप्पा आडतीचे व्यापारी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून ते सकाळी सोयाबीनची प्रत पाहायचे आणि दुपारी आमची. आणि गयाबाई त्या शाळेची मावशी. छोट्या वर्गाची लेकरं सांभाळणं, झाडलोट, फाटक आणि तास वाजवणं, एवढी चार कामं तिच्याकडं होती. पाचवं काम मारायचं. ते कुणी दिलेलं नव्हतं, पण चोख करायची.

उंच बाई. खांदे रुंद, उजवा खांदा डाव्याहून जरा उतरलेला. मनगटं अशी की हात मिळवायला माणूस कचरावा. पंधरा-सोळा हंगाम ऊस तोडून त्या हातांना एकच चाल ठाऊक झाली होती, वरून खाली. भाकरीसुद्धा ती अशी थापायची की जणू तिचं भाकरीशी भांडण आहे.

रुजू व्हायच्या पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. फाटक बंद. हाका मारायची लाज वाटली म्हणून मी मागच्या भिंतीवरून उडी टाकली. खाली पाय टेकायच्या आत पाठीत असा दणका बसला की इंग्रजीचे सगळे काळ एकदम आठवले.

"कोन बे तू? मागून कावून आलास?"

"मी... नवीन सर."

"सर असं येतेत व्हय? सर फाटकातून येतेत." मग तिनं मला दंडाला धरून पुढच्या फाटकाबाहेर नेलं, फाटक लावलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "या सर. नमस्ते."

दुसरा मार त्याच वर्षी मिळाला. चौथीतल्या एका पोरानं स्पेलिंग चुकवलं म्हणून मी त्याचा कान पिरगाळला. त्याचं किंचाळणं व्हरांड्यात गेलं असावं. गयाबाई केरसुणी टाकून वर्गात आली, सरळ माझा कान धरला आणि तितकाच पिरगाळला. मोजून, ना कमी ना जास्त.

"दुखतंय का?"

"दुखतंय."

"मंग त्येलाबी दुखतंय." आणि निघून गेली. त्या दिवसापासून मी कुणाच्या कानाला हात लावलेला नाही. माझ्यासुद्धा नाही.

तास वाजवायला पटांगणात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि तो ठोकायला बाभळीची मोगरी. ती मोगरी कायम गयाबाईच्या कमरेला खोचलेली. एकदा मधल्या सुट्टीत फाटकाच्या फटीतून एक पिसाळलेलं कुत्रं आत शिरलं. तोंडातून फेस, मान वाकडी. आम्ही सात शिक्षक. सातही जण टेबलावर चढलो, आणि सांगायला हरकत नाही, सर्वांत आधी मी. पटांगणात शंभरेक पोरं. गयाबाई चालत गेली. धावली नाही. कुत्र्यानं झेप घेतली तेव्हा तिनं डावा हात पदरात गुंडाळून पुढं केला, त्यानं पदर धरला आणि मोगरी खाली आली. एकदा. मग पुन्हा एकदा, कारण पाय अजून झटकत होते. मोगरी नळाखाली धुतली, राखेनं घासली आणि वेळ झाली म्हणून त्याच मोगरीनं तास वाजवला.

संध्याकाळी ती त्याला पुरायला खड्डा खणत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, कमाल केलीत."

"कसली कमाल सर. तान लागलीती बिचाऱ्याला, अन् पान्यालाच भ्यायचं. अशी जिंदगी कुनाला नगं."

अशी बाई. चिडलेल्या पालकाची गचांडी धरायची, फाटकाशी चिलीम ओढणाऱ्यांवर बादलीभर शेणपाणी फेकायची, अप्पांनाही "चपला काढून या, लेकरं जेवायलीत" असं सुनवायची. पण बाजाराच्या दिवशी दुपारी भानुदास यायचा, तिचा नवरा. चकलांब्याचा. बारीक, ठेंगणा, तिच्या खांद्याला लागेल एवढा. फाटकाशी उभा राहून हाक मारायचा, ती जायची, आणि तो तिला मारायचा. कधी थोबाडीत, कधी केस धरून भिंतीवर. ती एक हात चेहऱ्यापुढं धरून उभी राहायची. बस. कमरेची मोगरी कमरेलाच. आम्ही खिडकीतून पाहायचो. एकदा मी खिडकी लावून घेतली. मुलांचं लक्ष विचलित होत होतं.

भांडण एकच होतं. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याला मुकादम टोळीत घेत नाही. भानुदासला कोयता पुरा करायला गयाबाई हवी होती. आणि गयाबाईला जायचं नव्हतं.

"पोटातली पिशवी काढलीया माजी, सर," एकदा तिनं मला सांगितलं होतं, ताट घासता घासता, जणू पत्रा गळतोय असं सांगावं. "आता मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यापुढं काजवं येतेत. शेवटच्या हंगामात दोनदा उसाच्या फडातच पडले. औंदा गेले तर वापस येत न्हाई. हितं सावली हाय, लेकरं हायेत. मला मरायचं न्हाई, एवढंच."

"मग त्याला हाणत का नाही तुम्ही? जगाला हाणता."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच खुळा. उत्तर मिळालं ते पुढं, भोपळ्याच्या निमित्तानं.

आता भोपळा कसा आला ते सांगतो, कारण तो मी आणला. लातूरच्या कुठल्याशा शाळेनं हॅलोविन साजरा केल्याची चित्रफीत माझ्या मोबाइलवर आली. चिमुकली भुतं, चेटकिणी, कोरलेले भोपळे, चॉकलेटं. इंग्रजीचा मास्तर म्हणून माझी छाती फुगली. मी अप्पांच्या दुकानात गेलो.

"भुताचा सण?" अप्पांनी सोयाबीनचे दाणे तळहातावर घोळवत विचारलं. "पितरं तर आत्ताच जेवून गेली की सर."

"अप्पा, ही इंग्रजांची पितरं."

"मंग उशिरा येतेत म्हना. करतेत काय त्या दिशी?"

"भुताचं सोंग घ्यायचं, एकमेकांना भेडसवायचं, आणि भुताला गोड खाऊ द्यायचा."

"भुताला गोड खाऊ?" अप्पा दचकले. "भुताला खाऊ दिला की ते रोज येतंय सर. ही काय रीत झाली?" पण लातूरच्या शाळेनं केलंय म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. लातूर पुढं गेलेलं अप्पांना खपत नसे.

त्या वर्षी दिवाळी लवकर येऊन गेली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस शाळा उघडली, आणि त्याच दिवसांत टोळ्या कारखान्यांकडं निघायला लागल्या. रस्त्यानं ट्रॅक्टर जायचे, मागं दोन दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, पोरं. भानुदास आता बाजाराच्या दिवसाची वाट बघेना. रोज यायला लागला. गयाबाईचा एक डोळा सुजून मिटला होता.

हॅलोविनच्या आदल्या दिवशी मी तांबडा भोपळा तिच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, "मावशी, हा कापा. वरून टोपण काढायचं, आत पोकळ करायचं."

तिनं हात मागं घेतला. "अख्खा भोपळा बाईनं कापू न्हाई. पैला वार गड्यानं करावा. मंग बाईनं कापलं तर चालतंय."

"का?"

"भोपळा घरातल्या थोरल्या गड्यावानी अस्तो. त्येच्यावर बाईनं पैला हात उचलू न्हाई. माज्या आईनं सांगितलं, तिच्या आईनं तिला."

कुत्र्याचं डोकं फोडणारी बाई भोपळ्यापुढं हात बांधून उभी होती. मला गंमत वाटली. ऐटीत सुरी घेतली आणि वार केला. सुरी सालीवरून घसरून माझ्या अंगठ्यात गेली. रक्ताची चिळकांडी भोपळ्यावर. गयाबाईनं अंगठा धरून त्यावर हळद दाबली, इतक्या जोरानं की जखमेपेक्षा औषधच जास्त दुखलं.

"झाला का पैला वार?" ती म्हणाली. "आता सरका."

आणि तिनं एका घावात टोपण उडवलं.

माझी जीभ मला कधी सुखानं जगू देत नाही. अंगठा चोखत मी म्हणालो, "मावशी, गड्यानं पहिला वार केला की बाईला मोकळीक, असंच ना? मग भानुदासनं तर पहिला वार कधीच केलाय की."

गंमत म्हणूनच म्हणालो होतो. ती भोपळ्याच्या बिया काढत होती. हात थांबला. उघड्या डोळ्यानं ती बराच वेळ त्या पोकळ भोपळ्यात पाहत राहिली. मग पुन्हा बिया काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या तासाला मी भूत झालो. अंगावर पलंगावरची पांढरी चादर, तोंडाला गव्हाचं पीठ, डोक्यावर सुतळीच्या जटा, ओठांच्या कोपऱ्यांतून तेलात कालवलेलं कुंकू. चॉकलेटांची पिशवी चादरीत लपवली आणि "हूऽऽ" करत छोट्या वर्गात शिरलो.

तीस लेकरांनी असा टाहो फोडला की पत्रे थरथरले. दोघांनी बसल्या जागी पाणी केलं. एक पोर बाकाखाली जाऊन "आई, मेलोऽऽ" म्हणून ओरडायला लागलं. मी घाईघाईनं चॉकलेटं काढली, पण भूत हात पुढं करतंय म्हटल्यावर किंचाळ्या दुप्पट झाल्या.

दाराशी गयाबाई एका पोराला भरवत होती. तिनं मला ओळखलं होतं, हे मी पैजेवर सांगतो, कारण ती आधी माझ्या पायांकडं बघून हसली. मग उठली. उजव्या पायातली चप्पल काढली.

"रडू नगा रे! भूत आलं तर रडायचं न्हाई अन् पळायचंबी न्हाई. पायतान काढायचं. असं. अन् हानायचं. असं!"

चप्पल माझ्या कानशिलावर बसली. पीठ उडालं.

"मावशी, मी आहे!"

"भूत वळखीचंच अस्तंय," ती म्हणाली आणि दुसरी लगावली.

लेकरांचं रडं थांबलं. बाकाखालचं पोर बाहेर आलं. त्यानं आपला काळा बूट काढला आणि माझ्या नडगीवर मारला. मग सगळेच. तीस जोड बूट, सगळे नडगी ते कंबर या पट्ट्यात. कुणी चावलंसुद्धा. "हान! हान भुताला!" आमच्याकडं हॅलोविन कसा करतात असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो. लेकरं हसत होती, डोळ्यांत पाणी तसंच. एवढा आनंद माझ्या कुठल्याही धड्यानं त्यांना दिला नव्हता.

तेवढ्यात फाटकातून हाक आली. "गये!"

गयाबाईच्या हातातली चप्पल खाली गेली. चप्पल पायात घालून ती निघाली. एका क्षणात पाठ वाकली, हात चेहऱ्याकडं जायला लागला. मी लंगडत मागं.

रस्त्यावर ट्रॅक्टर उभा होता, टोळी भरलेली, मुकादम भोंगा वाजवत होता. भानुदास फाटकाच्या आत आलेला. आज पिऊन आला नव्हता. आज त्याच्या हातात कोयता होता.

"चल. मुकादम थांबलाय."

"न्हाई येत."

"शबूद दिलाय मी त्येला. चल!"

"मरंन मी तितं. न्हाई येत."

त्यानं केस धरून तिला खाली पाडलं आणि पोटात लाथ घातली. जिथं टाके होते तिथं. मग फरफटत फाटकाकडं ओढायला लागला. तिच्या टाचांच्या दोन रेघा मातीत उमटत गेल्या. खिडक्यांत सहा शिक्षक. फाटकाशी कार्यक्रमाला आलेले पालक, हातात मोबाइल.

मी शूर नाही, हे एव्हाना वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. पण भूत शूर असायला काय हरकत, असा एक विचार डोक्यात चमकून गेला. अडाणी माणूस, भुताला भिऊन पळेल. मी चादर पसरली, जटा झटकल्या आणि "भान्याऽऽ" अशी आरोळी ठोकत त्याच्यावर झेपावलो.

भानुदास पळाला नाही. ज्या शिकवणीत गयाबाई वाढली होती, तिच्यातच तोही वाढला होता: भूत दिसलं की हाणायचं. त्यानं केस सोडले आणि कोयत्याची उलटी बाजू माझ्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी गुडघ्यावर आलो. दुसरा फटका नाकावर. पिठाचा आणि रक्ताचा चिखल तोंडात गेला, आणि इतका वेळ नकली वाटणारा माझा वेष अस्सल झाला.

त्यानं कोयता फिरवला. आता धार माझ्याकडं होती.

मोगरी वरून खाली आली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. कोयता मातीत पडला आणि भानुदास आपल्या मनगटाकडं बघत राहिला. हात भलतीकडंच लोंबत होता. ओरडायचंही त्याला सुचलं नाही.

"पैला वार तुजा," गयाबाई म्हणाली. तोंडातून रक्त येत होतं. "वीस सालं झाली, पैला वार तुजाच हाय. आता सरक."

दुसरी गुडघ्यावर. तो पडला. "ही आत्ताच्या लाथंची." पाठीवर. "ही डोळ्याची." तो कोपरांवर सरपटायला लागला, ती मागं मागं. "ही फडात पडले अन् उचललं न्हाईस, त्येची." ती ओरडत नव्हती. तास वाजवताना जेवढा वेळ मधे जायचा तेवढाच दोन टोल्यांच्या मधे जात होता.

"मावशी, मरेल तो!" मी ओरडलो.

"तुमी गप बसा. भूत हाय तुमी."

पण थांबली. मोगरी वर, खाली भानुदासचं डोकं. कुत्र्याला दुसरा टोला दिला तोच पवित्रा. पटांगणात एक माणूस हलेना. तिनं मोगरी हळूहळू खाली घेतली आणि कमरेला खोचली.

रस्त्यावरच्या मुकादमानं एकवार भानुदासच्या हाताकडं पाहिलं, एकवार गयाबाईकडं. वहीतली एक ओळ खोडली आणि चालकाला म्हणाला, "हाक रे. ह्यो कोयता गेला." ट्रॅक्टर निघून गेला.

अप्पा दुकानातून धावत आले. पालक एका सुरात बोलत होते, शाळेत रक्त सांडलं, लेकरांनी पाहिलं, बाईला आजच्या आज काढा. अप्पांनी भस्माचं कपाळ पुसलं. "मावशी, काय हे?"

"गड्याला हानलं, अप्पा. वापस आला तर वापस हानीन. काढायचं आसंल तर काढा." आवाज कडक होता, पण हात फाटकाची सळई इतकी घट्ट धरून होता की बोटं पांढरी पडलेली. बाहेर पाऊल टाकलं की पुढचा हंगाम, नाहीतर त्याच्या पुढचा, तिची वाट बघत होताच.

मी उभा राहिलो. "अप्पा, तिचा दोष नाही. तो शांतपणे बोलत होता. मीच त्याला भूत होऊन चिथावलं. सगळं माझ्यामुळं झालं."

निम्मं खोटं होतं. एरवी मी खोटं स्वतःसाठी बोलतो.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग फाटलेल्या ओठाच्या गयाबाईकडं. व्यापारी माणूस, हिशेब चटकन झाला. "मावशी गेली तर छोट्या वर्गाला कोन धरील?" ते पालकांना म्हणाले. "इंग्रजीचा मास्तर काय, लातूरला मिळतोय. सर, तुमी उद्यापासून येऊ नगा."

माझी चादर फाडून गयाबाईनं भानुदासचा हात बांधला. त्याच्या बरगडीवर पाय देऊन गाठ आवळली. तो कळवळला.

"ओरडू नगंस. वर्ग चालू हायेत."

मग त्याला बखोटीला धरून उभं केलं आणि फाटकाबाहेर काढलं. मागून माझी डब्याची पिशवी आणून माझ्या धड हातात दिली.

"सर, हाड बसवाया परळीला जावा. अन् ह्येलाबी न्या संगट. दवाखान्याला लई भितोय ह्यो, एकटा जायचा न्हाई." मग म्हणाली, "नाकावर गार पानी लावा."

फाटक लागलं. साखळी आतून फिरली. सळयांतून मला ती दिसली ती अशी: पदर खोचून, बादलीतलं पाणी ओंजळीनं मातीवर मारत, टाचांच्या त्या दोन रेघांवरून केरसुणी फिरवत चालली होती. पाठ आमच्याकडं. तिनं वळून पाहिलं नाही. त्यानंतर मी तिला कधी पाहिलं नाही.

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं उभे राहिलो. दोघांत मिळून दोन धड हात. बऱ्याच वेळानं परळीची जीप थांबली. चालकानं पिठानं आणि रक्तानं माखलेला मी पाहिला, गळ्यात हात बांधलेला भानुदास पाहिला.

"आरं बाप रे! कुनी हानलं हो एवढं?"

भानुदासनं फाटकाकडं चोरून पाहिलं.

"पडलो," तो म्हणाला.

चालकानं माझ्याकडं मान वळवली.

"मीपण," मी म्हणालो.